सुगंधाने धान्य वाळत नाही

वर्तमानपत्रांच्या विज्ञान-पानावर वर्षातून दोन-चार वेळा एक बातमी हमखास झळकते. देशातील कुठल्यातरी विद्यापीठातील संशोधकांनी लवंग, ओवा, तुळस, दालचिनी किंवा गवती चहा यांच्या तेलाने साठवणीतील बुरशीचा बंदोबस्त केल्याचे तीत सांगितलेले असते. विद्यापीठ बदलते, वनस्पती बदलते. शेवटचे वाक्य मात्र बदलत नाही. रासायनिक परिरक्षकांना स्वस्त, सुरक्षित आणि नैसर्गिक पर्याय मिळाला असून त्यामुळे लाखो टन धान्याची नासाडी टळेल, असे ते वाक्य. बातमी हजारो वेळा पुढे पाठवली जाते, ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होते’ अशी पुस्ती तिला जोडली जाते आणि दोन दिवसांत ती विस्मरणात जाते. काही महिन्यांनी दुसऱ्या तेलाची बातमी येते.

या बातमीमागचा प्रयोग बहुधा खोटा नसतो. खोटे असते ते शेवटचे वाक्य. प्रयोगशाळेतील काचेच्या तबकडीपासून गोदामातील थप्पीपर्यंतचे अंतर त्या एका वाक्यात उडी मारून पार केले जाते आणि ही उडी मारताना कोणी साधा गुणाकारही करून पाहत नाही. एरवी विज्ञानवार्तांमधील अतिशयोक्ती हसून सोडून देता येते. येथे ती सोडून देता येत नाही, कारण साठवणीतील बुरशीचा प्रश्न भारतात माणसांच्या मृत्यूंशी जोडलेला आहे.

१९७४च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत कावीळ आणि जलोदर यांची साथ उद्भवली. दोनशेहून अधिक गावांत रुग्ण आढळले. नोंदल्या गेलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांमधील कुत्रीही त्याच लक्षणांनी मेली आणि हा सांसर्गिक काविळीचा प्रकार नसावा, या संशयाला तेथे बळ मिळाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी केलेला तपास १९७५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कारण ठरला मका. कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला होता, कणसे भिजली होती आणि ती ओलसर असतानाच साठवली गेली. त्यावर ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेवस’ ही बुरशी वाढली आणि तिने अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण केले. तपासलेल्या मक्यात किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन होते. आज भारतात तृणधान्यासाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे; म्हणजे त्या आदिवासी कुटुंबांच्या ताटातील मका या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता. त्यांना तो दिसत नव्हता असे नाही. त्यांच्याकडे दुसरे धान्य नव्हते.

या प्रश्नावर जो उपाय सुचवायचा, तो बांसवाड्याच्या त्या घरात पोहोचतो का, हीच त्याची खरी कसोटी. सुगंधी तेलांवरील बातम्यांना ती लावून पाहायला हवी.

आधी जे खरे आहे ते मान्य करणे आवश्यक आहे. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, दालचिनीच्या सालीतील सिनामाल्डिहाइड, गवती चहातील सिट्राल ही बुरशीविरोधी द्रव्ये आहेत, याविषयी शंका उरलेली नाही. बुरशीच्या पेशीभोवतालचे पटल अर्गोस्टेरॉल नावाच्या मेदद्रव्याने सांधलेले असते. ही तेले त्या पटलात शिरतात, अर्गोस्टेरॉलची निर्मिती खुंटवतात, पटलाला गळती लागते आणि पेशीतील पोटॅशियम, मॅग्नेशियमसारखे आयन बाहेर वाहू लागतात. काही तेले बुरशीला न मारताही तिची विषनिर्मिती थोपवतात. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी या विषयावर काही दशके चिकाटीने काम केले आहे. लखनौच्या ‘सीमॅप’ या संस्थेने सुगंधी वनस्पतींची लागवड शेतकऱ्यांपर्यंत नेली आहे. हे काम टाकाऊ आहे असे कोणीही म्हणू नये. प्रश्न आहे तो या कामाच्या नावावर जी आश्वासने खपवली जातात, त्यांचा. ‘नैसर्गिक’, ‘सुरक्षित’ आणि ‘स्वस्त’ ही ती तीन आश्वासने.

पहिले ‘नैसर्गिक’. अफ्लाटॉक्सिन हा पूर्णपणे नैसर्गिक पदार्थ आहे. कोणत्याही कारखान्याने तो बनवलेला नाही; तो मातीत राहणाऱ्या एका साध्या बुरशीने, कोणतेही रसायन न फवारता, अस्सल सेंद्रिय पद्धतीने बनवलेला असतो. १९६०मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी ज्या अनाकलनीय रोगाने मेले, त्याचे मूळ ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत सापडले आणि हे नैसर्गिक विष जगाला प्रथम कळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे आणि ज्याला हेपॅटायटिस-बीचा संसर्ग आहे, त्याच्यासाठी हा धोका अनेक पटींनी वाढतो. ज्या लढाईत शत्रूच नैसर्गिक आहे, तिथे ‘नैसर्गिक’ हा शब्द गुणपत्रिकेवर कशासाठी लिहायचा? रेणूला आपला जन्म झाडात झाला की नळकांड्यात, हे आठवत नसते. त्याचे परिणाम त्याची रचना आणि मात्रा ठरवतात.

दुसरे ‘सुरक्षित’. या दाव्यासाठी सर्रास दिला जाणारा पुरावा असा की, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लवंग, दालचिनी, गवती चहा इत्यादींची तेले सर्वसाधारणपणे सुरक्षित मानल्या जाणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातली आहेत. हे खरे आहे. पण ती मान्यता स्वादासाठी आहे. बिस्किटाला वास यावा म्हणून लागणारा थेंब आणि पोत्यातील बुरशी मरावी म्हणून लागणारी मात्रा, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्याची परवानगी दाखवून दुसरे खपवणे म्हणजे आमटीत चिमूटभर मीठ चालते म्हणून मूठभर मीठ चालेल असे सांगण्यासारखे आहे. शिवाय ‘तुळशीचे तेल’ ही एक वस्तूच नव्हे. तुळशीच्या जातीनुसार, जमिनीनुसार, कापणीच्या वेळेनुसार तेलाची घडण पालटते. काही तुळशींच्या तेलात युजेनॉल प्रमुख असते, तर काहींत त्याचाच चुलतभाऊ मिथाइल युजेनॉल. या दुसऱ्याकडे कर्करोगकारक म्हणून संशयाने पाहिले जाते आणि कृत्रिम स्वादद्रव्य म्हणून त्याची मान्यता त्याच अमेरिकी प्रशासनाने २०१८मध्ये काढून घेतली. एकाच देव्हाऱ्यासमोरच्या दोन तुळशींची तेले अशी वेगळी निघू शकतात. ज्या बातमीत तेलातील घटकांचे प्रमाण दिलेले नाही, तिच्यातील ‘सुरक्षित’ या शब्दाला काहीही वजन नाही.

तिसरे ‘स्वस्त’. त्याचा हिशेब करण्याआधी, हे तेल गोदामात नेमके काय करते हे पाहावे लागते. आणि इथे वनस्पतिशास्त्राइतकेच भौतिकशास्त्र उपयोगी पडते.

या विषयावरील शोधनिबंधांत तेलाची परिणामकारक मात्रा बहुधा ‘मिलिलीटरमागे इतके मायक्रोलीटर’ अशी दिलेली असते. बुरशी रोखण्यासाठी मिलिलीटरमागे एक मायक्रोलीटर किंवा त्याच्या आगेमागे, असा आकडा वारंवार दिसतो. पोषणद्रव मिसळलेल्या नळीत त्याचा अर्थ स्पष्ट असतो. मात्र तोच आकडा बंद डब्यातील हवेसाठी वापरून ‘धुरी’ची मात्रा म्हणून मांडला जातो, तेव्हा विद्यार्थ्यांनी तिथे थांबून कागद-पेन्सिल घ्यावी. मिलिलीटरमागे एक मायक्रोलीटर म्हणजे घनमीटरमागे एक लिटर. लवंगेच्या तेलाचे ते सुमारे एक किलो भरते.

आता लवंगेच्या तेलातील मुख्य घटक युजेनॉल घ्यावा. खोलीच्या तापमानाला त्याचा बाष्पदाब दोन-तीन पास्कलच्या आसपास असतो. वातावरणाचा दाब एक लाख पास्कल. आदर्श वायूचे समीकरण अकरावीच्या पुस्तकात आहे. ते वापरले, तर एक घनमीटर हवेत युजेनॉलचे बाष्प जास्तीत जास्त किती मावेल याचे उत्तर निघते : सुमारे ०.२ ग्रॅम. म्हणजे एक किलो तेल ओतले, तर कोणत्याही एका क्षणी त्याचा फक्त पाच हजारावा भाग हवेत असू शकतो. उरलेले तेल डब्याच्या तळाशी, कागदाच्या बोळ्यावर किंवा खुद्द दाण्यांवर द्रवरूपात बसलेले असते. ‘हवेत मिलिलीटरमागे एक मायक्रोलीटर’ अशी धुरी निसर्गात संभवतच नाही. काही घटक युजेनॉलपेक्षा अधिक उडते असतात. लिमोनिनचे बाष्प घनमीटरला दहा-अकरा ग्रॅमपर्यंत जाईल, पण तेही त्या किलोभराच्या शंभराव्या हिश्श्याच्या पुढे फारसे सरकत नाही.

मग डब्यातील प्रयोग यशस्वी कसा होतो? कारण डबा लहान असतो. उडालेले बाष्प दाण्यांनी शोषले की तळातील द्रव आणखी बाष्प सोडतो आणि हळूहळू तेल दाण्यांवर जाऊन बसते. अर्ध्या लिटरच्या बरणीत बाष्पाला काही सेंटिमीटरच प्रवास करायचा असतो. गोदामात तो काही मीटरचा होतो. दाणे वाटेत आडवे असले आणि ते काहीच शोषत नाहीत असे मानले, तरी संवहन नसताना एक मीटर अंतर विसरणाने कापायला अशा जड रेणूला काही दिवस लागतात. प्रत्यक्षात पिष्टमय आणि स्निग्ध दाणा अशा रेणूला वाटेतच गिळत असतो, त्यामुळे हा प्रवास कितीतरी पटींनी लांबतो. बाहेरचा थर तेलाने माखतो, थप्पीच्या गाभ्याला त्याचा पत्ताही नसतो.

गोदामात किडींविरुद्ध वापरला जाणारा फॉस्फिन वायू इथे तुलनेला घेण्यासारखा आहे. तो विषारी आहे, त्याला दाद न देणाऱ्या किडी भारतात तयार झाल्या आहेत आणि त्याला पर्याय शोधायलाच हवा. पण तो ताडपत्रीखालच्या थप्पीच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो, कारण त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश सेल्सिअस आहे. युजेनॉलचा अधिक २५४ आहे. एक खराखुरा वायू आहे, दुसरा नाइलाजाने थोडासा उडणारा द्रव. दोघांना ‘धूरक’ या एकाच नावाने हाक मारली म्हणून त्यांची कामगिरी एक होत नाही.

आता पैशांचा हिशेब. एक टन मका सुमारे १.४ घनमीटर जागा व्यापतो. वरच्या मात्रेप्रमाणे त्याला १.४ लिटर तेल लागेल. तेलाचा भाव लिटरला हजार रुपये असा सोयीसाठी धरला, तर खर्च टनामागे १,४०० रुपये. २०२५-२६च्या खरीप हंगामासाठी मक्याची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,४०० रुपये होती. म्हणजे टनाला २४,००० रुपये. तेलाचा एका वेळचा खर्च या किमतीच्या जवळजवळ सहा टक्के झाला. लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासात तृणधान्यांचे काढणीपासून साठवणीपर्यंतचे एकूण नुकसान ४.६५ ते ५.९९ टक्के आढळले होते. याचा अर्थ, कापणी, मळणी, वाहतूक, उंदीर, किडी आणि बुरशी या सर्वांनी मिळून जेवढे खाल्ले, तेवढेच पैसे तेल एकटे खाणार. आणि ते वाचवणार त्यातील फक्त बुरशीचा वाटा. दाण्यांमधली पोकळी तेवढी मोजावी असा आक्षेप कोणी घेतला, तर तोही मान्य करता येईल. पोकळी सुमारे चाळीस टक्के असते. खर्च तेव्हा सव्वादोन टक्क्यांवर येतो. तरीही तो एका वेळचा खर्च आहे आणि तेल उडून किंवा शोषले जाऊन संपले की पुन्हा करावयाचा आहे.

तेल आणायचे कोठून, हा पुढचा प्रश्न. भारतात वर्षाला ३५० लाख टनांहून अधिक मका पिकतो. त्याच्या केवळ दहाव्या हिश्श्याला पूर्ण मात्रा द्यायची, तर सुमारे ४९ लाख लिटर तेल लागेल. गवती चहाच्या ओल्या पात्यातून अर्धा टक्का तेल निघते असे मानले, तर त्यासाठी साडेआठ लाख टनांहून अधिक गवत कापावे आणि वाफेवर ऊर्ध्वपातित करावे लागेल. त्या भट्ट्यांना लागणारे इंधन वेगळे, जमीन वेगळी, पाणी वेगळे. बातमीतील ‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषण या भट्ट्यांच्या धुरातून पाहिले, तर बरेच मळकट दिसते.

यावर दोन उत्तरे नेहमी पुढे येतात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर नॅनोतंत्रज्ञानाचे. तेल कायटोसानसारख्या बहुवारिकाच्या सूक्ष्म कुप्यांत कोंडले, तर ते हळूहळू बाहेर पडते, लवकर उडून जात नाही, कमी मात्रेत अधिक काळ टिकते. हे प्रयोगांत दिसते आणि ती खरी प्रगती आहे. पण कुपी तेलाचा बाष्पदाब वाढवत नाही, ती फक्त सुटण्याचा वेग बदलते. बाष्प गाभ्यापर्यंत पोहोचत नाही हा मूळ अडसर तसाच राहतो. तो टाळायचा, तर कुप्या प्रत्येक दाण्याबरोबर मिसळाव्या लागतील. मग त्या दाण्याबरोबर पोटात जाणार, आणि त्यांचे अवशेष, त्यांची विषाक्तता, त्यांची किंमत हे सगळे नव्याने तपासावे लागणार. साठवलेल्या धान्यासाठी बुरशीनाशक म्हणून एखादे द्रव्य भारतात विकायचे, तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली त्याची नोंदणी लागते आणि त्यासाठी नेमकी हीच माहिती द्यावी लागते. बातमीत या टप्प्याचा उल्लेखही नसतो, जणू तबकडीतून बाहेर पडल्यावर पुढचा थांबा थेट बाजारच.

दुसरे उत्तर परंपरेचे. आजी कणगीत कडुनिंबाचा पाला घालत असे, गव्हात बिब्बे ठेवत असे, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळत असे. मग सुगंधी तेलात नवे ते काय आणि शंका ती कशाला? या युक्तिवादात एक गफलत आहे. पाला, बिब्बे, एरंडेल हे सगळे टोके आणि पोरकिडे यांच्यासाठी होते, बुरशीसाठी नव्हे. किडीचे आणि बुरशीचे शास्त्र निराळे आहे. बुरशीविरुद्ध आजीचे अस्त्र दुसरेच होते आणि ते इतके साधे होते की त्यावर शोधनिबंध निघत नाही. धान्य खळ्यावरून आले की ती त्याला कडक ऊन दाखवत असे. दाणा दाताखाली घेऊन कट्कन मोडतो का ते पाहत असे. पावसाळा संपला की पुन्हा अंगणात वाळवण पडे. परंपरेचा अभिमान असणाऱ्यांनी तिच्या डब्यातील पाला तेवढा उचलला आणि अंगणातील ऊन विसरून गेले.

त्या उन्हामागील शास्त्र भक्कम आहे. बुरशीला दाण्यात पाणी किती टक्के आहे याच्याशी थेट देणेघेणे नसते. त्यातील किती पाणी तिला वापरता येते, हे महत्त्वाचे. या उपलब्धतेला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्यासाठी ती १ असते, ०.७८ ते ०.८०च्या खाली ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेवस’ वाढू शकत नाही आणि विष बनवायला तिला त्याहून अधिक ओल लागते. मक्यातील ओलावा १३-१४ टक्क्यांखाली आणला की ही उपलब्धता ०.७०च्या आसपास येते आणि बुरशीचा कारभार आटोपतो. शेंगदाण्यात तेल जास्त असल्याने तीच पातळी गाठायला ओलावा सात-आठ टक्क्यांवर आणावा लागतो. ही मर्यादा पाळली, तर तेलाची गरज उरत नाही. ती पाळली नाही, तर तेलाचा उपयोग उरत नाही. कारण ओल्या ढिगात बुरशी आणि दाणे दोघेही श्वसन करतात, त्यातून उष्णता आणि पाणी सुटते, उबदार भागातील बाष्प थंड थराकडे सरकून तिथे साचते आणि एक कोपरा भिजला की तो शेजारच्या कोपऱ्याला भिजवतो. या साखळीला सुगंधाने तोडता येत नाही.

आणखी एक बाब अशी की, विष अनेकदा साठवणीच्याही आधी, शेतातच तयार होते. दाणे भरताना अवर्षण आणि उष्णता यांचा ताण पडला किंवा किडीने दाणा पोखरला, तर उभ्या पिकातील मका आणि जमिनीखालील शेंगा यांत बुरशी शिरते. अफ्लाटॉक्सिन एकदा बनले की भाजून, शिजवून, उकळून ते पुरेसे नष्ट होत नाही. तेलाने नंतर बुरशी मारली, तरी विष जागेवरच असते. फरक इतकाच की आता धान्य स्वच्छ दिसते आणि त्याला लवंगेचा वास येतो. विषारी धान्य चांगले भासवणारा उपाय हा उपाय नसलेल्या स्थितीपेक्षा अधिक धोकादायक म्हणावा लागेल. अपुऱ्या मात्रेचा धोकाही आहेच. गव्हावरील फ्युसेरियम बुरशीच्या बाबतीत बुरशीनाशकाची मात्रा मारण्याइतकी नसली की तिची विषनिर्मिती वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. थप्पीच्या गाभ्यात पोहोचणारी मात्रा ही नेमकी अशी अर्धवट मात्रा असते. म्हणूनच ज्या निबंधात बुरशीची वाढ मोजली, पण विष मोजले नाही, त्याला अन्नसुरक्षेचा निबंध म्हणू नये.

ही समस्या १९७४बरोबर संपली, असेही कोणी समजू नये. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८मध्ये केलेल्या देशव्यापी दूध-पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा अधिक आढळले. गुरांनी खाल्लेल्या बुरसट चाऱ्यातून आणि पेंडीतून ते दुधात उतरते आणि दूध तापवल्याने जात नाही. पंचमहालातील मृत्यू एकदम झाले म्हणून मोजले गेले. थोड्या-थोड्या मात्रेने वर्षानुवर्षे यकृतावर होणारा परिणाम कोणत्याही एका गावाच्या नावावर लिहिला जात नाही.

मग सुगंधी तेलांना जागा कोठे आहे? ती आहे, पण लहान आणि नेमकी आहे. जिथे माल महाग आहे, आकारमान कमी आहे, वेष्टन बंद आहे आणि तेलाचा वास मालाच्या स्वभावाशी जुळतो, तिथे वरचा सगळा हिशेब उलटतो. मसाल्याचे पदार्थ हे त्याचे ठळक उदाहरण. एप्रिल २०२४मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर येथे काही भारतीय मसाले एथिलीन ऑक्साइडच्या कारणावरून परत मागवण्यात आले. हे द्रव्य स्वतः कर्करोगकारक आहे आणि मसाल्यांतील जंतू मारण्यासाठी त्याचा वापर होतो. अशा मालासाठी, वाळवणी आणि स्वच्छता यांच्या जोडीला, वेष्टनातून हळूहळू सुटणारे दालचिनी वा ओव्याचे तेल हा अभ्यासण्यासारखा पर्याय आहे. सुका मेवा, औषधी मुळ्या, बेकरीचे पदार्थ, संग्रहालयातील वस्तू अशी आणखी क्षेत्रे सांगता येतील. पेरणीच्या बियाण्यातही वाव आहे. मात्र जास्त मात्रेने उगवणशक्ती मारली जाते, हे ध्यानात ठेवून. संशोधकांनी ही लहान जागा अभिमानाने आपली म्हणावी. ‘देशाचे धान्य वाचेल’ या वाक्यापेक्षा ‘या वेष्टनात ही मिरची सहा महिने टिकली, विष इतके आढळले, खर्च इतका आला’ हे वाक्य विज्ञानाच्या दृष्टीने कितीतरी श्रीमंत आहे.

मोठे वाक्य का लिहिले जाते, हे मात्र उघड आहे. संशोधनाच्या अर्जात राष्ट्रीय महत्त्वाचा रकाना भरावा लागतो. निबंधांची संख्या मोजली जाते, गोदामांची नाही. नवे तेल, नवी बुरशी, नवी कुपी अशी जोडणी बदलली की नवा निबंध होतो. तोच प्रयोग पन्नास क्विंटलवर करून तो फसला, तर त्याला छापणारे नियतकालिक सापडत नाही. पत्रकाराला वेळ नसतो आणि वाचकाला ‘नैसर्गिक’ हा शब्द आवडतो. या साखळीत कोणीही लबाड नाही. पण तिच्या शेवटी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. देशाच्या सार्वजनिक गोदामांतील नित्य व्यवहार आजही मॅलाथिऑन, डेल्टामेथ्रिन आणि अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड यांवर चालतो.

त्या शेतकऱ्याच्या हाती काय पडायला हवे, याची यादी छोटी आणि नीरस आहे. बाजार समितीत चालू स्थितीतील ओलावामापक. गावात भाड्याने मिळणारे वाळवणी यंत्र, कारण परतीच्या पावसात ऊन नसते. जमिनीवर पसरायला ताडपत्री, म्हणजे शेंगा मातीवर वाळत घालाव्या लागणार नाहीत. वाळलेल्या धान्यासाठी हवाबंद पिशव्या, ज्यांत प्राणवायू संपला की कीड आणि बुरशी दोघेही थांबतात. शेतात निर्विष वाणाची बुरशी सोडून विषारी वाणाला हुसकावण्याची पद्धत आफ्रिकेत शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली आहे. तिच्या भारतीय चाचण्यांना बळ द्यावे. ओलावामापक नसेल, तर काचेच्या कोरड्या बरणीत मक्याचे दाणे आणि कोरडे मीठ घालून ती हलवावी. मीठ काचेला चिकटले, तर ओल साधारण पंधरा टक्क्यांहून अधिक आहे. मका अजून वाळवायला हवा. या चाचणीला एक रुपयाही पडत नाही आणि तिची बातमी होत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी अशी बातमी वाचली, की पाच प्रश्न विचारावेत. तेलात कोणते घटक किती होते? प्रयोग किती किलो मालावर झाला? बुरशीबरोबर विषही मोजले का? मालातील ओलावा किती होता? आणि टनामागे खर्च किती आला? पाचही उत्तरे असतील, तर बातमी जरूर पुढे पाठवावी; असे काम दुर्मीळ आहे आणि त्याला दाद मिळायला हवी. उत्तरे नसतील, तर बातमी फार तर एका तबकडीची आहे, देशाच्या धान्याची नव्हे.

बांसवाड्याच्या त्या घरात १९७४ साली लवंगेचे तेल नव्हते म्हणून माणसे मेली नाहीत. मका ओला होता, तो वाळवायला कोरडी जागा नव्हती आणि तो फेकून दिला तर खायला दुसरे काही नव्हते. यांतील एकाही अडचणीवर तेल हे उत्तर नाही.